सरळ पंजा

ऐन हंगामात, भर दुपारी सिद्धाप्पा घरी येऊन कट्ट्यावर बसला, तेव्हा गंगव्वाच्या हातातली चाळण खाली पडायचीच राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं असलं काही बघितलं नव्हतं. कारखान्याचं धुराडं पेटलं की हा माणूस घरी झोपायला तेवढा यायचा. ताप असो, पाहुणे असोत, त्याला उसाच्या फडातनं बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. आणि आज ऊन डोक्यावर असताना तो पायरीवर पाय सोडून बसला होता आणि स्वतःच्या हातांच्या तळव्यांकडं बघत होता.

"काय झालं वो? पडलासा काय कुठं?"

"न्हाय."

"मग?"

"कृष्णाताच्या फडात मशीन आलंय."

एवढंच बोलून तो परत तळव्यांकडं बघायला लागला. गंगव्वानं तांब्या भरून आणून दिला. त्यानं तो घेतला आणि न पिता बाजूला ठेवला.

नेसरीच्या खालच्या अंगाच्या त्या गावात सिद्धाप्पा भरणीचा गडी म्हणून गाजलेला. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घ्यायची, ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून चढायचं आणि वर थर रचायचा, हे काम करणारे ढीगभर होते. पण सिद्धाप्पानं रचलेली ट्रॉली एक कांडं न सांडता कारखान्याच्या वजनकाट्यावर जाते, असं लोक म्हणायचे. घरचं रान होतं, गोठ्यात म्हशी होत्या, दोन्ही वेळची चूल त्याच्या भरणीवर अडलेली नव्हती. अडली होती ती त्याची ऐट. तो वर उभा राहून "टाक!" म्हणून ओरडल्याशिवाय फळीवर आलेल्या गड्यानं डोक्यावरची मोळी सोडायची नाही, हा तिथला रिवाज. म्हातारे गडीसुद्धा मान ताठ धरून त्या "टाक"ची वाट बघत उभे राहायचे.

यंदा भरणीच्या गड्यांची ती टोळीच फुटली होती. तरणी पोरं औद्योगिक वसाहतीत कामाला लागली, उरलेल्यांच्या कमरा गेल्या. तोडलेला ऊस रानात वाळत पडायला लागला, तसा शेजारच्या कृष्णातनं भाड्यानं मशीन आणलं. ट्रॅक्टरच्या पुढं लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला पंजा. सिद्धाप्पा डोक्याला टॉवेल गुंडाळत होता तेवढ्यात ट्रॉली निम्मी भरलीसुद्धा. आणि त्यात कृष्णातनं हसून सांगितलं, "सिद्धाप्पाण्णा, लई उचललासा. आता बसा निवांत."

तो बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. गंगव्वा हातातली कामं टाकून त्याच्यावर नजर ठेवायला लागली.

कारण बसलेला माणूस तिनं बघितला होता. मागच्या आळीचा बाळासो, अंगानं असला आडदांड की म्हशीला खांदा देऊन चिखलातनं काढायचा. पोरांनी म्हटलं, आबा, आता काय करू नका. बाळासो सगळंच करायचा थांबला. पहिल्यांदा दाढी करायची थांबली, मग देवळात जायचं थांबलं आणि पुढच्या हंगामाचं धुराडं पेटायच्या आत त्याची तिरडी उठली. उठायचं कारण गेलं की माणूस उठत नाही, ही गोष्ट गंगव्वाच्या डोक्यात तेव्हापासून खिळा मारल्यागत बसली होती.

त्यात भर म्हणून ती फळी. भरणीची फळी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. वर्षानुवर्षं पाय घासून मधोमध गुळगुळीत झालेली. एक दिवस सून सौंदर्या म्हणाली, "आत्ती, ती फळी रिकामीच हाय तर दारातल्या गटारीवर टाकू काय? येता-जाता पाय चिखलात जातोय."

सून मनानं वाईट नव्हती, तिला एवढं कळलं नव्हतं इतकंच. गंगव्वानं डोळे वटारले. पण सिद्धाप्पानं ते ऐकलं होतं. तो उठला, फळी खांद्यावर घेतली, गटारीवर आडवी टाकली आणि हलते का म्हणून पायानं दाबून बघितली. मग कट्ट्यावर येऊन डोळे मिटून भिंतीला टेकला. ज्या फळीला तो कुणाच्या चपलेचा पाय लागू द्यायचा नाही, ती त्यानं स्वतःच्या हातानं गटारीवर टाकली! माणूस आतनं मेला म्हणून समजायचं, असं तिला वाटलं. त्या दिवशी तिनं भाकरी थापली ती सगळी कडेला फाटलेली.

वीरेश, तिचा मुलगा, गप्प बसणारा नव्हता. त्यानं जेवताना विषय काढला, "अव्वा, आपल्या ट्रॅक्टरला पुढं लोडर हायच की. नुसता शेणखत भरायला वापरतोय आपण. त्याला पंजा बसवला तर आपला ऊसबी भरंल आन् चार लोकांचाबी. कोल्हापूरला जाऊन बघून येऊया."

"जावा की," सिद्धाप्पा म्हणाला.

"तुमीबी यायचं अप्पा. उसातलं तुमाला जेवढं कळतंय..."

"मीबी येतो," गंगव्वा मधेच म्हणाली. तिकडच्या बायकांसारखीच तीही स्वतःला 'येतो-जातो' म्हणायची. ट्रॅक्टर तिच्या म्हशींच्या दुधावर घेतलेला होता, त्यामुळे ट्रॅक्टरच्या बाबतीत तिच्या शब्दाला घरात वजन होतं आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

कळंब्याच्या पुढं रस्त्याकडेला एका लांबलचक पत्र्याच्या शेडात यंत्रांचं दुकान होतं. ऋतुराज नावाचा तरणाबांड पोरगा सामोरा आला, "या पावणं, या मावशी," म्हणत त्यानं खुर्च्या ओढल्या आणि चहा येईपर्यंतही न थांबता यंत्रं दाखवायला लागला. शेडात पंजे साखळीला टांगून ठेवले होते. वाकड्या लोखंडी बोटांचे, पिवळ्या रंगाचे, माणसाच्या छातीएवढे. गंगव्वाला बघूनच कसंतरी झालं. आपण जे शेण हातानं गोळा करतो, ऊस मिठीत धरतो, त्यासाठी एवढी नखं कशाला लागतात, असं तिच्या मनात आलं.

"ह्यात दोन जाती हाईत," ऋतुराज सांगायला लागला. "ह्यो फिरता. मानेत मोटार हाय. ऊस धरला की वरच्यावर वळवायचा आन् ट्रॉलीत सरळ लांबीला ठेवायचा. आन् ह्यो दुसरा सरळ. त्येला मान न्हाय. जसा धरला तसाच सोडतोय."

वीरेश म्हणाला, "म्हंजे आपल्या बांधाला ट्रॅक्टर वळवायला जागा नसली तर?"

"तर ऊस ट्रॉलीत आडवा पडणार. बाहेर टोकं लोंबणार. म्हणून तुमच्याकडच्या लहान रानाला फिरताच बरा."

सिद्धाप्पा तोवर फिरत्या पंजाजवळ जाऊन उभा राहिला होता. त्यानं एका बोटानं पंजा ढकलला. एवढं धूड, पण मनगट वळावं तसं हलकं वळलं. त्यानं परत ढकललं. परत वळलं. तो तिथंच उभा राहून बघत राहिला, चहा आला तरी हलला नाही. गंगव्वा नवऱ्याचा चेहरा वाचत होती. इतक्या वर्षांत तो तिनं पाठच केला होता, असं ती समजत होती. त्या चेहऱ्यावर तिला आता एकच गोष्ट दिसली. हे लोखंड माझी जागा घेणार, असं तो म्हणतोय.

ती उठली आणि ऋतुराजला तिनं विचारलं, "आन् सरळ घेतला तर आडव्या पडलेल्या उसाचं काय करायचं?"

"मग वर एक माणूस लागतोय मावशी. जाणता पायजे. पडलेला ऊस ओढून सरळ लावणारा."

"मग सरळच द्या."

वीरेश बघतच राहिला. "अव्वा, काय बोलालीस? सगळं जग फिरता घ्यायलंय!"

"जग घेऊ दे. मोटार आली की दुखणं आलं. साधं ते टिकतंय."

"पैशाचा प्रश्न न्हाय की गं!"

"म्हणूनच सांगतो. सरळ."

ती वीरेशला शेडाच्या मागं घेऊन गेली, जिथं तेलाची पिंपं रचली होती. "अप्पा घरात बसून कसं झालंय ते बगतोस न्हवं? फळी गटारीला टाकली त्यानं. त्येला काम पायजे. वर उभा राहून 'टाक' म्हणायला मिळालं तर जगंल त्यो. बाळासोगत व्हायला पायजे काय तुज्या बापाचं?"

वीरेश पायानं माती उकरत राहिला. "अप्पाला सांगू नको पर," गंगव्वा म्हणाली. "त्येच्यासाठी घेतला असं कळलं तर चढायचा न्हाय त्यो. गरज हाय म्हणून घेतलाय असंच वाटू दे."

परत आल्यावर वीरेशनं सरळ पंजावर हात ठेवला. "अप्पा, ह्यो घेऊया काय? वर तेवढं तुमी बगाय लागंल."

सिद्धाप्पानं फिरत्या पंजाकडं एकदा बघितलं, मग मुलाकडं, मग बायकोकडं. "तुमी ठरवलाईसा न्हवं?" तो म्हणाला. "मग झालं तर." आणि गार झालेला चहा त्यानं एका घोटात पिऊन टाकला.

काम सुरू झालं तसं गंगव्वाच्या जिवात जीव आला. सिद्धाप्पा दिवस उगवायच्या आधी उठायला लागला. गटारीवरची फळी त्यानं काढली, घासून धुतली आणि ट्रॉलीला लावायला नेली; मशीनच्या जमान्यातही तो फळीवरूनच वर चढायचा. सगळ्यांच्या आधी फडात जायचा आणि लोक यायच्या आत वर जाऊन उभा राहायचा. चढायच्या आधी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून पुटपुटायचा. पूर्वी सकाळच्या पूजेलाच तो हात लागायचा. गंगव्वानं हे बघितलं आणि बसवेश्वरानं आपलं ऐकलं म्हणून मनातल्या मनात नमस्कार केला.

पंजा खाली यायचा, रानातला उसाचा ढीग कवटाळायचा, करकर आवाज करत वर उचलायचा आणि ट्रॉलीवर आणून सोडायचा. ऊस आडवातिडवा पडायचा. मग सिद्धाप्पा वाकून एकेक कवळ, मिठीत मावेल तेवढा ऊस, ओढायचा, बुडं एकीकडं, शेंडे एकीकडं लावायचा, पायानं दाबायचा. काम झालं की हात वर करून ओरडायचा, "टाक!" इंजिनाच्या धडधडीत ते कुणाला ऐकू यायचं नाही. पण तो ओरडायचा आणि वीरेश हात बघून पुढची कवळ सोडायचा. कृष्णात बांधावर उभा राहून म्हणाला, "आयला, मशीन घेऊनबी माणूस वर चढवताय? कसली खरेदी केलीस रं वीरेश?" लोक हसले. वीरेशचे कान लाल झाले. सिद्धाप्पानं वरून ते ऐकलं आणि जोरात ओरडला, "आमच्या ट्रॉलीतनं कांडं पडतंय काय बग आधी!"

घरी आल्यावर त्याच्या दंडावर पाचटानं ओढलेले लाल ओरखडे असायचे. गुडघे तो सौंदर्याकडून तेल मागून घेऊन स्वतःच चोळायचा, गंगव्वाला हात लावू द्यायचा नाही. जेवण कमी झालं होतं. "दमलासा काय?" असं विचारलं की म्हणायचा, "बरं हाय." पूर्वीही तो एवढंच म्हणायचा. गंगव्वाला वाटायचं, गडी मार्गाला लागला आता. सुनेला ती मोठ्या अभिमानानं सांगायची, "औषध लागू पडलं बग."

आणि मग तो दिवस आला.

ओढ्याकडच्या रानातली शेवटची ट्रॉली भरायची होती. तिथं बांध निसरडा, जागा एवढीशी. गंगव्वा न्याहारीची बुट्टी डोक्यावर घेऊन निघाली, बरोबर सौंदर्या दुधाची किटली घेऊन. त्या घरात एक सवय होती: न्याहारी बांधावर दिसली की सिद्धाप्पा हातातलं काम तिथंच टाकून खाली उतरायचा. भाकरी गार झालेली त्याला खपायची नाही. वीरेशनं लांबून आईला बघितलं. ट्रॉलीकडं नजर टाकली, तर वर कुणी दिसेना. अप्पा उतरले, असं त्यानं धरलं. जेवायला थांबायच्या आधी पंजात धरलेली कवळ तेवढी सोडून द्यावी म्हणून त्यानं लोखंडी हात वर घेतला.

सिद्धाप्पा उतरला नव्हता. त्याचा पाय आडव्या उसाच्या फटीत गेला होता. बांधावरच्या चढावर असल्यामुळं गंगव्वाला ट्रॉलीचा वरचा भाग दिसत होता, जो ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराला दिसत नव्हता. तिला आधी नवऱ्याचा टॉवेल दिसला. मग खांदे. उरलेला माणूस उसात. तो दोन्ही हातांनी मांडी धरून पाय वर ओढायला बघत होता आणि त्याच्या डोक्यावर पंजा येत होता.

"वीरेश!" ती ओरडली. आपल्या तोंडातनं आवाज निघाला की नाही, हे तिलाच कळलं नाही. इंजिन धडधडत होतं. ती धावली. बुट्टी कुठं पडली, भाकरी कुठं गेल्या, काही शुद्ध नव्हती. सिद्धाप्पानं वर बघितलं. ते तोंड गंगव्वा मरेपर्यंत विसरणार नव्हती. इतक्या वर्षांत तिनं त्याला रागावलेला बघितला होता, बापाच्या मातीला रडलेला बघितला होता. पण भ्यालेला कधीच बघितला नव्हता.

पंजा उघडला.

सगळी कवळ धाडकन खाली आली. कांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज झाला, धूळ उडाली, दोन-चार ऊस घरंगळत बांधावर येऊन पडले. टॉवेल दिसेनासा झाला.

गंगव्वा ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन आडवी उभी राहिली, दोन्ही हात पसरून. वीरेशनं इंजिन बंद केलं. एकदम एवढी शांतता पडली की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"काय झालं अव्वा?"

तिनं नुसतं बोट केलं. वीरेशनं ट्रॉलीकडं बघितलं आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "अप्पा... अप्पा उतरलं न्हाईत?" तो म्हणाला आणि परत चावी फिरवायला लागला. पंजानं ऊस उचलावा, असं त्याच्या मनात आलं असणार.

"हात लावू नको त्येला!" गंगव्वा किंचाळली. "त्या नखाला हात लावू नको! हातानं काढ!"

सौंदर्या केव्हाच फळीवरून वर गेली होती. शेजारच्या फडातनं कृष्णात आणि तोडणीची माणसं कोयते टाकून पळत आली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकेक ऊस उपसून खाली फेकायला सुरुवात झाली. गंगव्वाही वर चढली. हाताला पाचटाची कुसं टोचत होती, नखं मोडत होती, ती कांडी ओढत होती. खाली काय सापडणार, याचा विचार तिला करवत नव्हता. आधी हात सापडला. गरम होता. मग त्या हाताची बोटं हलली आणि तिच्या मनगटाभोवती घट्ट आवळली गेली.

"जित्तं हाईत!" सौंदर्या ओरडली आणि तिथंच मटकन बसली.

कृष्णातनं आपली जीप आणली. सिद्धाप्पाला त्याच फळीवर निजवून जीपपर्यंत नेलं.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, बरगड्यांना तडे गेले होते, मांडीत सळी घालावी लागली. जीव वाचला, हे सगळ्यांनी एकमेकांना पुनःपुन्हा सांगितलं. गंगव्वाला ते ऐकू येत होतं, पण अंगात शिरत नव्हतं. ती बाकावर बसून आपल्या हातांकडं बघायची. आपणच दुकानात तो पंजा मागितला, हे तिच्या मनातनं जात नव्हतं. खाली रिक्षा वाजत, क्लासची पोरंपोरी हसत-खिदळत जात. जगाला काही झालेलं नव्हतं, याचाच तिला धक्का बसायचा.

सिद्धाप्पा शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला, तसं डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, चालाल तुम्ही. काठी लागेल. पण वर चढायचं, ओझं उचलायचं, आता विसरायचं."

सिद्धाप्पानं डोळे मिटले. झालं, संपलं, असं गंगव्वाला वाटलं.

डॉक्टर गेले आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं वीरेशच्या तोंडातनं फुटलं. "मी तवाच बोंबलत हुतो, फिरता घेऊया. फिरता असता तर वर माणूसच लागला नसता. कुत्र्यानंबी वर चढायचं कारण नव्हतं!"

"वीरेश, गप," गंगव्वा म्हणाली.

"का गप? मला सांग, मी बापाच्या डोक्यावर ऊस टाकला, ह्या हातानं. कसा जगू मी? आन् कशासाठी? तर अप्पाला काम पायजे म्हणून! अप्पा रिकामं बसलं तर मरतील म्हणून सरळ घेतला अव्वानं. गरज नसताना!"

सौंदर्यानं त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं. खोलीत दोघंच उरली. पंखा फिरत होता. सिद्धाप्पानं डोळे उघडले आणि तो बायकोकडं बघायला लागला. जखमेपेक्षा हे जास्त लागलंय, हे तिला कळलं. तिला वाटलं, जमीन दुभंगावी.

"माज्यासाठी घेतलास?" त्यानं विचारलं.

तिनं होय म्हणून मान हलवली. मग डोळ्यांतनं पाणी यायला लागलं ते थांबेना. "तुमी कट्ट्यावर बसला हुतासा. हाताकडं बगत. मला बाळासो दिसला वो. आन् फळी गटारीवर टाकलासा तवा तर माजा जीवच गेला."

सिद्धाप्पानं नजर पंख्याकडं वळवली.

"फळी टाकली त्या दिवशी मला झोप लागली," तो म्हणाला.

गंगव्वाला समजलं नाही. ती पदरानं नाक पुसत त्याच्याकडं बघत राहिली.

"दोन वरसं झाली गंगव्वा. फळीवर पाय ठेवला की डोळं फिरत्यात. खाली बगितलं की पोटरी लटलट कापती. कुणाला सांगनार? सिद्धाप्पा भ्यालाय म्हणून? कृष्णाताच्या फडात मशीन आलं तवा मी कट्ट्यावर येऊन बसलो आन् हात बगितलं. थरथरायचं थांबलं हुतं. म्हटलं, सुटलो. देवानंच सोडीवलं."

"आन् दुकानात?" तिनं विचारलं. "फिरत्या पंजाजवळ उभा हुतासा..."

"लई आवडला मला त्यो. एका बोटानं वळत हुता. म्हटलं, ह्यो घेतला की वर कुणीबी चढायला नगो. ना मी, ना पोरगं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुमी ठरवलंता. वाटलं, चुकून सरळ घेतलाय ह्यांनी, लोकं पोराला हसतील. आन् घरात वर चढणारं दुसरं कोण हाय? म्हणून चढलो." बोलता बोलता त्याला धाप लागली. "रोज लिंगाला हात लावून चढायचो. आजचा दिवस उतरीव बाबा खाली, म्हणायचो."

तो पहाटे सगळ्यांच्या आधी फडात का जायचा, गुडघ्याला हात का लावू द्यायचा नाही, भाकरी का उरायची, एकेक गोष्ट उलटी होऊन तिच्यापुढं येत होती. तिनं पाठ केलेल्या त्या चेहऱ्यातलं एक अक्षरही तिला वाचता आलं नव्हतं.

"मला इचारायचं हुतंस," सिद्धाप्पा म्हणाला. रागानं नाही, पण तिला रागच बरा वाटला असता. "एवढंच इचारायचं. 'कुठला पायजे तुमाला?'"

बाहेर कुणाच्या तरी स्ट्रेचरची चाकं खडखडत गेली.

थोड्या वेळानं त्यानं पाणी मागितलं. तिनं गडबडीनं डोळे पुसले आणि पेला भरला. तो पडूनच होता, पाणी प्यायला मान वर घ्यायला हवी होती. ती सवयीनं पुढं झाली, काखेत हात घालून त्याला उचलायला. आजवर लेकरू, वासरू, आजारी सासू, जे दिसलं ते तिनं असंच न विचारता उचललं होतं. हात त्याच्या अंगाला लागायच्या आधी ती थांबली.

"कुठनं धरू?" तिनं विचारलं.

सिद्धाप्पानं तिच्या पसरलेल्या हातांकडं बघितलं. नखं मोडलेली, बोटांना पाचटानं कापल्याच्या खपल्या धरलेल्या.

"खालनं," तो म्हणाला. "आन् हळू."